कापूस गेला, चिंध्या राहिल्या

आजीच्या स्वयंपाकघरात गरम पातेलं उतरवायला एक फडकं असायचं. वीतभर चौकोनी, जुन्या लुगड्याचे पाच-सहा पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेलं. त्याला खास नाव नव्हतं. "थे फडकं दे बरं" म्हटलं की कोणतं ते घरात सगळ्यांना कळायचं.

खामगावच्या कापसाबद्दल वाचायला बसलात तर पानंच्या पानं सापडतात. या फडक्याबद्दल एक ओळही सापडत नाही. पण दोघांची गोष्ट एकच आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. भाव कडाडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव उतरले, पण व्यवस्था राहिली. १८६७ मध्ये मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असं करत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा साधारण तेरा किलोमीटरचा फाटा सुरू झाला. इतक्याशा फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बुलढाण्यात आलं १९०५ मध्ये.

ही गाडी फक्त कापूस न्यायला नव्हती. सरकारचे कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी हिशेब उघडपणे लिहून ठेवला आहे. रेल्वेने विलायती कापड आणून ते इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग इथे कातला-विणला जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. म्हणजे ज्या शेतात कापूस फुटतो, त्याच शेतातल्या बाईने कापड मात्र विकत घ्यायचं. १८९९-१९०० च्या दुष्काळात कापूस खाता येत नाही हेही वऱ्हाडाला कळलं.

गोधडी त्याआधीही होतीच. पण कापड पैसे मोजून आणायचं म्हटल्यावर त्याचा प्रत्येक धागा शेवटपर्यंत वापरणं भाग होतं. नऊवारी मधोमध विरली की फाडून तिच्या धडक्या कडा आत घ्यायच्या आणि दंड घालायचा. पुन्हा विरली की बाळाचं झबलं, दुपटं. मग गोधडी. उरलेल्यातून डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ, पानसुपारीची चंची, चुलीजवळचं फडकं. आणि अगदी शेवटी पोतेरं. वऱ्हाडातल्याच गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. ठिगळांचा अंगरखा कशाचा ते लोकांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

यात काटकसर होती तसं तंत्रही होतं. पदरांमध्ये हवा अडकते, म्हणून गोधडीत ऊब टिकते आणि फडक्यात हात भाजत नाही. फडकं ओलं असेल तर मात्र चटका बसतो, कारण पाणी हवेपेक्षा उष्णता लवकर पोचवतं. गोधडीचे टाके कडेपासून आत आत फिरत जातात. त्यामुळे एका जागी दोरा तुटला तरी आतले पदर सरकत नाहीत.

मग शिलाई मशीन आलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले. पण जाड गोधडी मशीनच्या पायाखालून नीट सरकत नाही. ती हातानेच शिवली जात राहिली, उन्हाळ्याच्या दुपारी, दोघी-तिघी मिळून. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं, तेव्हा जुनेराची किंमत पुन्हा वाढली असणार.

जगाच्या दुसऱ्या टोकाला अशीच एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, म्हणजे कापसाच्या मळ्यातल्या गुलामांच्या लेकी-नाती, शेतात वापरून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, शिवणाऱ्या बायकांच्या नावांसह. त्यांच्याकडचा कापूस अडला म्हणून आपल्याकडचा भाव चढला होता. दोन्हीकडच्या बायकांच्या वाट्याला मात्र चिंध्याच आल्या. फरक इतकाच की त्यांची नावं भिंतीवर आहेत.

आमच्या घरची एक गोधडी गेल्या वर्षी उसवली. वरच्या साडीखाली आजीचं लुगडं होतं, त्याखाली आजोबांचं धोतर आणि त्याच्याही खाली एक विटकी हिरवी चौकडी. ते लुगडं कुणाचं, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. आईला वाटतं पणजीचं असावं. पणजीचं नाव आम्हाला सातबाऱ्यावर सापडलं नाही, तिचा फोटोही नाही. तिचं म्हणावं असं एवढंच कापड.

मी एकदा आईच्या जुन्या साडीचं तसं फडकं शिवून पाहिलं. साडी पॉलिएस्टरची होती. गरम कढईला लागताच ते वितळून चिकटलं. सुती कापड जळतं, पण वितळत नाही. आजीला हे शिकवावं लागलं नसतं. आपल्या कपाटातल्या बऱ्याच साड्या आता फडकं होऊ शकत नाहीत.

पुढच्या वेळी गावी गेलात की पांघरायला मिळालेल्या गोधडीतलं कोणतं कापड कुणाचं, ते विचारा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवर.