डबा बदलला, कॉम्प्युटर तोच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, आमच्या डोंबिवलीच्या घरात माळ्यावर एक पिवळट पांढऱ्या रंगाचा पत्र्याचा डबा पडून आहे. आत काही नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात द्यायचा विषय निघतो आणि दर वेळी मी तो पुढच्या दिवाळीवर ढकलतो. एकेकाळी या डब्यात आमचा कॉम्प्युटर होता. २००४ सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तो तिथून उचलून दुसऱ्या, मोठ्या डब्यात बसवला. आज त्या बिऱ्हाडबदलाची हकिकत सांगायची आहे. हे बिऱ्हाड मुळात हलवता येतं ते कशामुळे, हेही सांगायचं आहे, कारण त्यामागे मोठा इतिहास आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. या डब्याला बाजारात कॅबिनेट म्हणतात. घरात आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणायचो. खरा सीपीयू म्हणजे आत बसवलेली, बिस्किटाएवढी चिप. डबा हे फक्त घर. आत मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह आणि वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, अशी मंडळी राहतात.

आमचा कॉम्प्युटर १९९९ सालचा. तेव्हा टेबलावर जागा कमी म्हणून लहान कॅबिनेट घेतलं. २००२ साली आतला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि वीजपेटी बदलली. पत्नी घरी डीटीपीची कामं करायची. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका अशी कामं असत. कामं वाढली तशी दुसरी हार्ड डिस्क आली, सीडी रायटर आला. डब्यात वायरींचं जंगल झालं, हवा खेळेना. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास मशीन हमखास बंद पडायचं. मग डब्याचं एक झाकण काढून समोर टेबलफॅन लावायचा. अनेक घरांत हे दृश्य होतं, तुम्हालाही आठवत असेल.

आमच्या गल्लीत डिप्लोमा करणारा एक मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने पाहिलं आणि म्हणाला, “काका, मशीन चांगलं आहे. घर लहान पडतंय.”

गिरगावातली खोली सोडून डोंबिवलीत ब्लॉक घेतलेल्या आमच्यासारख्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागलं नाही.

पण एका डब्यातलं सामान दुसऱ्या, वेगळ्याच कंपनीच्या डब्यात बसेल कसं? स्कूटरचं इंजिन कुणी दुसऱ्या कंपनीच्या स्कूटरमध्ये बसवत नाही. इथे मात्र स्क्रूचं भोकसुद्धा जुळतं. याचं मूळ १९८१ सालात आहे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. घाई होती, म्हणून कंपनीने सगळं स्वतः न बनवता बरेच भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, मूळ प्रणाली मायक्रोसॉफ्टची. शिवाय आत वीज कशी फिरते याचे नकाशे तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकले, म्हणजे इतरांना जोडकार्डं बनवता यावीत. त्याचा परिणाम कंपनीच्या अपेक्षेपलीकडे गेला. १९८२ साली कॉम्पॅक या नव्या कंपनीने आयबीएमशी जुळणारं मशीन जाहीर केलं. कायद्याने अडवता येईल असा एकच महत्त्वाचा भाग होता, तो म्हणजे मशीन सुरू करणारी ‘बायोस’ ही आज्ञावली. ती कॉम्पॅकने आयबीएमची न वापरता स्वतंत्रपणे नव्याने लिहिली. मग दरवाजा उघडलाच. तैवानपासून अमेरिकेपर्यंत असंख्य कारखाने तसेच सुटे भाग बनवू लागले.

१९८४ साली आयबीएमचं ‘एटी’ हे मॉडेल आलं. त्याच्या मदरबोर्डाची भोकं जिथे होती, तिथेच इतरांनीही ठेवली. कुणी तसा हुकूम काढला नव्हता. ज्याचा बोर्ड बसणार नाही त्याचा माल विकला जाणार नाही, एवढंच कारण.

एटीच्या डब्यात काही जोखमीही होत्या. समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर यायची. बोर्डाला वीज देणारे दोन प्लग शेजारी शेजारी लावायचे असत. त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळायचा. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांचा एक मंत्र होता, ‘काळ्याला काळी’. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून आल्या म्हणजे जोडणी बरोबर. विंडोज ९५ बंद करताना ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची नारिंगी अक्षरं पडद्यावर यायची आणि मग आपण हाताने बटण दाबायचो, तेही याच काळातलं.

१९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ हा नवा आराखडा प्रसिद्ध केला. बोर्ड जास्तीत जास्त १२ इंच बाय ९.६ इंच, भोकं ठरलेल्या जागी, मागची सगळी कनेक्शनं एका पट्टीत, वीजेचा एकच प्लग आणि तोही उलटा न बसणारा. समोरच्या बटणात आता २३० व्होल्ट नव्हते. ते फक्त ‘सुरू हो’ असा इशारा द्यायचं. घरात लहान मुलं असणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय होती.

आता आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहू. परकी चलन नियमन कायद्याखाली विदेशी भागभांडवल कमी करण्याची अट मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ साली भारत सोडला. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण जाहीर केलं आणि आयातीचे निर्बंध सैल झाले. तरी कंपनीचा तयार कॉम्प्युटर नोकरदाराच्या आवाक्याबाहेरच होता. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि सुट्या भागांसह अशा वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आणायचं ठरलं. ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटरचे दिवस आले.

ते भाग मिळत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. ठाणे, डोंबिवली, कल्याणची मंडळी यादी घेऊन तिथे जात. परतताना खरी परीक्षा. दादरच्या पुलावरून मॉनिटरचं खोकं कोण नेणार? म्हणून टॅक्सीने सीएसटीला यायचं, तिथून सुटणारी लोकल धरायची, कॅबिनेट दोन सीटच्या मध्ये आणि मॉनिटर मांडीवर. डोंबिवलीला उतरताना आधी खोकं की आधी माणूस, यावर अर्धा डबा सल्ला द्यायचा.

गिऱ्हाइकांची कमी नव्हती. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत ठाणे शहराची लोकसंख्या ८ लाख ३ हजारांवरून १२ लाख ६२ हजारांवर गेली. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत २००१ साली ११ लाख ९३ हजार लोक होते. यातली पुष्कळ घरं नोकरदारांची, आणि मुलाने कॉम्प्युटर शिकावा ही प्रत्येक घराची इच्छा. एकरकमी पैसे नसत, पण यंदा रॅम, पुढच्या बोनसला हार्ड डिस्क असं करता येई. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीमुळे फिटर आणि वायरमन घरातच असायचे. स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची भीती नव्हती. ठरलेल्या जागची ती भोकं नसती तर हे हप्त्याहप्त्याने मशीन उभं करणं शक्यच झालं नसतं.

आता त्या रविवारकडे येतो. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. नवं कॅबिनेट उंच, मागे पंख्याची जागा, आत हात फिरवायला ऐसपैस जागा. त्या मुलाने आधी पत्र्याला हात लावायला सांगितलं, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग प्रोसेसरवरचा पंखा काढून जुनी वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली. समोरच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या बारीक वायरी कुठे लागतात ते कागदावर लिहून घेतलं. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्याची मात्र सुलटीच लागते, हे मी त्या दिवशी शिकलो.

बोर्ड पत्र्यावर थेट ठेवत नाहीत. खाली पितळेच्या छोट्या खुंट्या बसवतात आणि बोर्ड त्यांच्यावर स्क्रूने धरतात. तो मुलगा चहा घेत होता, तेवढ्यात मी उत्साहाने दिसेल त्या भोकात खुंटी बसवून टाकली. सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

घरात एकदम शांतता. कारण सोमवारी सकाळी एका संस्थेची स्मरणिका छापखान्यात द्यायची होती. पंधरा दिवसांचं काम त्या हार्ड डिस्कमध्ये आणि दुसरी प्रत कुठेच नाही. पत्नी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तो मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, मशीन उद्या बघू. आधी काकूंचं काम काढू.” त्याने हार्ड डिस्क सोडवली, मागची इवलीशी पिन हलवून तिला ‘स्लेव्ह’ केलं आणि आम्ही ती पिशवीत घालून दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांचा कॉम्प्युटर वेगळ्या दुकानातून वेगळ्या साली जोडलेला. तरी प्लग बसला, डिस्क दिसली, स्मरणिका सीडीवर उतरली. रात्री साडेदहाला आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी दोष सापडला. आमचा बोर्ड ‘मायक्रो एटीएक्स’, म्हणजे १९९७ साली आलेला आखूड प्रकार. त्याला भोकं कमी. मी लावलेली एक जादा खुंटी बोर्डाच्या पोटाला टेकून शॉर्ट होत होती. ती काढली आणि मशीन सुरू झालं. “काका, बोर्डाला जेवढी भोकं, तेवढ्याच खुंट्या,” एवढंच तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात मशीन पुन्हा बंद पडलं नाही.

सगळ्यांचंच असं निभावलं नाही. पुढच्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदीच्या काठची कल्याण, बदलापूर ही गावंही पाण्याखाली गेली. कल्याणच्या आमच्या नातेवाइकांचा कॉम्प्युटर तळमजल्यावर, जमिनीलगत. चिखल धुऊन, आठवडाभर वाळवून रॅम आणि एक कार्ड दुसऱ्या डब्यात चाललं. हार्ड डिस्क मात्र गेली, आणि तिच्यातले नातवाच्या बारशाचे फोटोही. सुटे भाग असले म्हणजे सगळंच वाचतं असं नाही. प्रत वेगळी ठेवायची ती ठेवायचीच.

डबे मोठे होण्यामागे उष्णता होती. १९९३ चा पहिला पेंटियम सुमारे १५ वॉट खायचा. २००४ साली आलेल्या पेंटियम ४ च्या काही चिपा शंभर वॉटच्या वर गेल्या. म्हणून इंटेलनेच ‘बीटीएक्स’ हा थंड राहणारा नवा आराखडा पुढे केला. पण सगळ्यांचे डबे, बोर्ड, वीजपेट्या जुन्या मापाच्या. बाजार हलला नाही आणि २००६ साली इंटेलने तो नाद सोडला. ज्या कंपनीने एटीएक्स आणला, तिलाही तो सहजी मोडता आला नाही.

एटीएक्सची भोकं आजही तिथेच आहेत. पण आपल्या हातातली यंत्रं बदलली. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच झाळलेली असते. मोबाइलची बॅटरी गोंदाने चिकटवलेली. एक भाग बिघडला की अख्खं यंत्र टाकायचं. भारतात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’चा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू झालं. आम्ही तो हक्क न मागता, एका रविवारी, वर्तमानपत्रावर बसून बजावत होतो. तो हक्क आहे हेही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

म्हणून पुढचं यंत्र घ्यायला जाल तेव्हा वेगाबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचारा, “हे उघडतं का?” आमचा माळ्यावरचा डबा मी अजून दिलेला नाही. त्याची भोकं आजच्या बोर्डालाही जुळतात. आणि त्या दिवशीची ती जादा खुंटी सुपारीच्या डबीत, उरलेल्या स्क्रूंबरोबर, जपून ठेवली आहे.