एका माणसामागे साचे किती?

मालवण बंदरात आगबोटीवर चढून मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याला एकेकाळी पहिला आधार गिरणीचा असे. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं; सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. मुंबईच्या कापड गिरण्यांना माणसं पुरवण्यात सुरुवातीच्या दशकांत रत्नागिरीचा नंबर पहिला. गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या परळ-लालबागच्या खोलीत वळकटी टाकायची, ओळखीच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, धरून बदलीत लागायचं आणि नशीब असेल तर साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, किंवा त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, कायम व्हायचं.

आज मोटारींच्या किंवा औषधांच्या कारखान्यात उत्पादनाची लाइन उभी करण्याआधी ती संगणकावर चालवून बघतात. कुठलं यंत्र किती वेळा बंद पडेल, फिटर किती लागतील, सुटे भाग किती ठेवावेत, हे सगळं पडद्यावर आधी घडवून पाहायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. या तंत्राची कुळी शोधत मागे गेलं तर ती संगणकाच्याही आधी कापसाच्या गिरणीत पोचते. एका माणसाने किती यंत्रं सांभाळावीत, हा तिथला प्रश्न होता आणि त्याच प्रश्नावरून आपली माणसं मुंबईत संपावर गेली होती.

मुंबईत एका विणकराकडे दोन साचे असण्याचा रिवाज होता, लँकेशायरमध्ये चार. १९२८ साली काही गिरण्यांनी दोनाचे तीन करायला सुरुवात केली आणि त्रासनखात्यातही एकाच्या अंगावर दुप्पट काम टाकलं. २६ एप्रिलपासून गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरपर्यंत. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, याच संपात जन्मली. मालकांचं गणित सरळ होतं: साचा चालू असताना विणकर नुसता उभा असतो, तेव्हा त्याने आणखी साचे बघावेत. कामगारांचं उत्तरही तितकंच सरळ होतं: कापूस हलका, सूत कच्चं, ताणा सारखा तुटतो, मग चार साच्यांची बरोबरी आमच्याशी कशी करता? संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे हे वाद आले. दोन्ही बाजू आकडे मांडत होत्या, पण त्या आकड्यांमधली एक गोष्ट मोजायचं साधन तेव्हा कोणाकडेच तयार नव्हतं. ती गोष्ट म्हणजे वाट पाहणं.

एक साचा बंद पडला की विणकर तिकडे धावतो. तो ताण्याची तार जोडत असताना दुसऱ्या साच्याची सुताची कांडी संपली, तर तो दुसरा साचा नुसताच उभा राहतो. त्याच्यात मोठा बिघाड नाही, विणकरही कामचुकार नाही, तरी कापड निघत नाही. सरासरी काढणाऱ्याला हे दिसत नाही, कारण सरासरीत बिघाड रांगेने, एकामागून एक येतात. खऱ्या खात्यात ते मनाला येईल तेव्हा येतात, कधी तीन एकदम.

हे पाहायला संगणक लागत नाही. कागद आणि फासा पुरतो. तीन साचे, एक विणकर. कागदावरची प्रत्येक ओळ म्हणजे एक मिनिट. चालू असलेल्या प्रत्येक साच्यासाठी फासा टाकायचा. एक पडला तर साचा बंद. दुरुस्तीला दोन मिनिटं. पहिल्या ओळीत चार, सहा, दोन पडले: तिन्ही चालू. दुसऱ्या ओळीत मधल्या साच्यावर एक पडला. विणकर तिकडे गेला. तिसऱ्या ओळीत पहिल्यावर पाच आणि तिसऱ्यावर एक. तिसरा बंद, पण विणकर अजून मधल्यावरच वाकलेला. म्हणून तिसऱ्याच्या रकान्यात ‘दुरुस्ती’ लिहायचं नाही, ‘वाट’ लिहायचं. पान भरेपर्यंत हे करत राहिलं की ‘वाट’ किती वेळा आलं ते मोजायचं. सिम्युलेशनचं बीज एवढंच.

फाशाच्या जागी छापील आकडे आणणारा माणूस कापसाच्याच धंद्यातला निघाला. एल. एच. सी. टिपेट हा मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये, ब्रिटिश सूत उद्योगाच्या संशोधन संस्थेत, संख्याशास्त्रज्ञ होता. १९२७ साली त्याने जनगणनेच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० अंकांचं कोष्टक प्रसिद्ध केलं. पुढचा अंक कोणता येईल हे कोणालाच सांगता येऊ नये, हाच त्या कोष्टकाचा उपयोग. याच टिपेटने तिशीच्या दशकात साच्यांच्या बंद वेळा मोजायची एक सोपी युक्ती काढली. दिवसभर घड्याळ घेऊन एका साच्यापाशी उभं राहण्याऐवजी अधूनमधून, न ठरवता, खात्यातून फेरी मारायची आणि त्या क्षणी कोणता साचा चालू, कोणता बंद आणि कशामुळे बंद, एवढंच टिपायचं. पुरेशा फेऱ्या झाल्या की बंद वेळेचं प्रमाण हाती येतं.

मग गणिती मंडळी आली. रशियाच्या खिंचिनने १९३३ साली यंत्रांच्या खोळंब्यावर लेख लिहिला. स्वीडनचा कॉनी पाम मूळ टेलिफोनच्या रांगांचा अभ्यासक. त्याने १९४७ साली स्वयंचलित यंत्रांमागे माणसं कशी वाटावीत याचं सूत्र मांडलं. त्या पद्धतीने एक मांडणीपुरती आकडेमोड करून बघू. समजा साचा सरासरी १० मिनिटं चालून थांबतो, दुरुस्तीला सरासरी १ मिनिट लागतं, दोन्हींत नशिबाचा खेळ आहे आणि चालत जायचा वेळ धरलेला नाही. नुसत्या सरासरीने प्रत्येक साचा ९१ टक्के वेळ चालायला हवा. सूत्र सांगतं: दोन साचे असतील तर ९० टक्के, चार असतील तर ८८ टक्के, दहा असतील तर साडेअठ्ठ्याहत्तर. मधली घट सगळी ‘वाट’ या रकान्यातली.

आता सूत कच्चं धरा: साचा १० ऐवजी ५ मिनिटांनीच थांबतो. चार साच्यांचं चालणं ८८ वरून ७५ टक्क्यांवर घसरतं आणि विणकराचे हात ३५ ऐवजी ६० टक्के वेळ गुंतलेले राहतात. त्याच कच्च्या सुतावर दोनच साचे दिले तर हात ३२ टक्के वेळ गुंततात. म्हणजे चांगल्या सुतावर चार साचे सांभाळणारा आणि कच्च्या सुतावर दोन सांभाळणारा, दोघांची राबणूक जवळजवळ सारखी. १९२८ च्या संपकऱ्यांचा दावा या गणितात नेमका बसतो.

सूत्राला मात्र मर्यादा आहेत. एकासारखी एक यंत्रं असतील तोवर ते चालतं. खऱ्या लाइनवर एका यंत्राचा माल दुसऱ्यात जातो, मध्ये थोडा साठा असतो, रात्रपाळीला फिटर एकच असतो, सुटा भाग कधी गोदामात असतो तर कधी नसतो. इतकं सगळं सूत्रात बसवायला गेलं की सूत्र हात टेकतं. तिथे फाशाचा कागद परत लागतो, फक्त लाखो ओळींचा.

तो कागद यंत्राकडे सोपवायची वाट दुसऱ्या महायुद्धानंतर उघडली. १९४६ साली आजारपणातून उठत असलेला गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव खेळून मोजावी, असं त्याच्या मनात आलं. जॉन फॉन नॉयमन यांनी ती कल्पना अणुसंशोधनासाठी संगणकावर नेली आणि तिला माँटे कार्लो हे नाव पडलं. कारखान्यात ती आणली के. डी. टोचरने, शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपनीत. पोलादाच्या भट्ट्या, क्रेन आणि माणसं यांचा दिवस संगणकावर चालवणारी सर्वसाधारण प्रणाली त्याने पन्नाशीच्या दशकाअखेरीस बांधली. १९६३ साली या विषयावर पुस्तकही लिहिलं. १९६१ साली आयबीएममधल्या जेफ्री गॉर्डनने जीपीएसएस ही भाषा काढली. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला घडवली. आजच्या प्रोग्रॅमिंगमधल्या ऑब्जेक्ट या कल्पनेचं माहेर हीच भाषा.

देखभालीच्या बाबतीत या फाशाच्या कागदाने शिकवलेली मोठी गोष्ट मालवणकरांना पटकन पटेल. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी लागली की सर्जेकोटला आणि दांडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढतात. इंजिन उघडतात, तळाला रंग लावतात. इंजिन वापराने झिजतं, त्यामुळे आधीच उघडून पाहिलं तर भर समुद्रात बंद पडण्याचे प्रसंग कमी होतात. पण पंख्यात जाळं अडकणं जूनमधल्या रंगरंगोटीने टळत नाही. जो बिघाड झिजेने वाढत जातो त्यावर वेळापत्रकाची देखभाल कामाची. जो निव्वळ अवचित येतो त्यावर भाग वारंवार बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. त्या ठिकाणी फिटर लवकर पोचणं आणि भाग हाताशी असणं जास्त मोलाचं. कारखान्यात कोणत्या यंत्राला कोणता नियम लावायचा, हे सिम्युलेशन दोन्ही तऱ्हा चालवून दाखवतं. एखाद्या यंत्राची दुरुस्ती झपाट्याने केली तरी लाइनचा माल वाढत नाही, कारण अडचण दुसऱ्याच यंत्राच्या दारात असते, हेही त्यातच उघडं पडतं.

न्यूगार्डची पुढची गोष्ट या कुळीत महत्त्वाची आहे. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला तो नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करू लागला. कारखान्यात येणाऱ्या संगणकप्रणाली कामगारांना समजाव्यात, त्यांत त्यांचं म्हणणं असावं, यासाठी. सिम्युलेशनची भाषा घडवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं की पडद्यावरचा कारखाना त्याला दिलेल्या आकड्यांइतकाच खरा असतो. ‘यंत्र चाळीस मिनिटं बंद’ एवढीच नोंद रजिस्टरात असेल आणि त्यातली तीस मिनिटं फिटरची वाट बघण्यात गेलेली असतील, तर संगणक दुरुस्तीच चाळीस मिनिटांची धरतो आणि वरिष्ठ फिटरला संथ ठरवतात.

कुंभारमाठच्या शासकीय तंत्रनिकेतनातून शिकून पुण्या-गोव्याच्या कारखान्यांत लागणारी पोरं आता यंत्रावर हात ठेवतात तशी नोंदीवरही ठेवतात. त्यांनी पहिल्याच पाळीत रजिस्टर उघडून बघावं: दुरुस्तीचा रकाना आणि वाट पाहण्याचा रकाना वेगळे आहेत का? नसतील तर मागून घ्यावेत. फॉसेट समितीसमोर बसलेल्या त्यांच्या पणजोबांच्या पिढीला हा रकाना कोणी दिला नव्हता.