‘रिपोर्ट निल आहे’ : दिल्लीच्या १९५५ च्या काविळीचा धडा

गेल्या आठवड्यात आपल्या भागात दोन दिवस गढूळ पाणी आलं. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं चौकशीला गेलो. समोर एक कागद ठेवला गेला. कोलिफॉर्म निल, ई-कोलाय निल, पाणी पिण्यास योग्य. “आता अजून काय पाहिजे तुम्हाला?” असं विचारलं गेलं. तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आज इथे लिहितोय. थोडं लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट दिल्लीची, १९५५ सालची. यमुनेला मोठा पूर आला आणि ओसरताना नदीने पात्र बदललं. वजीराबादला शहराच्या पाण्याचा उपसा होत असे आणि नजफगडचा नाला त्याच्या खालच्या अंगाला नदीला मिळत असे. पात्र बदलल्यावर त्या नाल्याचं मैलापाणी उलटं मागे सरकून थेट उपशाच्या जागेपर्यंत पोचलं. नोव्हेंबरच्या मध्यात साधारण आठवडाभर हे चाललं.

पाणीपुरवठ्याच्या लोकांना हे कळलं नाही असं अजिबात नाही. कच्चं पाणी बिघडल्याचं त्यांनी ओळखलं, तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. आणि त्याचा उपयोगही झाला. एवढा मैला पाण्यात जाऊनही शहरात टायफॉइड आणि आमांशाची साथ आली नाही. त्या काळच्या कुठल्याही कसोटीवर हे काम पास होतं.

पण डिसेंबर उजाडला आणि घराघरांत डोळे पिवळे व्हायला लागले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. लहान मुलं त्या मानाने कमी, कामाच्या वयाची माणसं जास्त. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गरोदर बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं.

म्हणजे एकाच पाण्यातले बॅक्टेरिया मेले आणि व्हायरस जगला. असं कसं झालं? क्लोरीन व्हायरसला मारतच नाही असं नाही, मारतो. पण त्याला पुरेशी मात्रा लागते, पुरेसा वेळ लागतो आणि पाणी नितळ लागतं. मैलापाण्यातला अमोनिया आणि घाण क्लोरीन खाऊन टाकतात. अमोनियाशी जुळलेला क्लोरीन फार दुबळा होतो. बॅक्टेरियाला तो बऱ्यापैकी पुरतो, व्हायरसला पुरत नाही. त्यात गढूळपणा असला की गाळाच्या कणांच्या आड व्हायरस सुरक्षित बसतो. म्हणून “आम्ही जास्त क्लोरीन टाकला” हे उत्तर अर्धंच आहे. टाकला किती, यापेक्षा नळापर्यंत मोकळा उरला किती, हे महत्त्वाचं.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या पुण्यात घडला. तेव्हा सगळ्यांनी धरून चालले की दिल्लीचा तो आजार म्हणजे नेहमीची ‘ए’ कावीळ. त्या साथीतले रक्ताचे काही नमुने जपून ठेवलेले होते. पुढे ‘ए’ आणि ‘बी’ ओळखणाऱ्या चाचण्या निघाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले, म्हणजे एनआयव्हीतले, शास्त्रज्ञ आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी हे जुने नमुने पुन्हा तपासले. १९८० साली निष्कर्ष छापून आला : हा ‘ए’ नाही, ‘बी’ पण नाही. तिसराच कोणीतरी आहे. पंचवीस वर्षं ज्याला आपण ओळखीचा समजत होतो, तो अनोळखी निघाला.

१९८३ मध्ये बलायान नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू पाहिला. त्यालाच आज आपण हेपटायटिस ‘ई’ म्हणतो.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर कोल्हापूर आठवा. १९८१ साली तिथे पाण्यातून काविळीची साथ आली होती, आणि ती ‘ए’ किंवा ‘बी’ नव्हती, हे एनआयव्हीच्याच अभ्यासात दिसलं. २०१२ ला इचलकरंजीत काविळीने माणसं दगावली, हे तर आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतलं आहे.

आता त्या ‘निल’ रिपोर्टकडे येऊ. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो फक्त बॅक्टेरियाबद्दल बोलतो. आणि तो ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवसाबद्दल बोलतो. ‘ई’ कावीळ पाणी प्यायल्यावर साधारण दोन ते नऊ आठवड्यांनी दिसते. दिल्लीत पाणी बिघडलं नोव्हेंबरात, डोळे पिवळे झाले डिसेंबर-जानेवारीत. आज रुग्ण सापडले म्हणून आजचं पाणी तपासाल, तर ते स्वच्छच निघेल. चोर महिन्यापूर्वीच येऊन गेलेला असतो.

गंमत म्हणजे आपल्याच देशाच्या मानकात हे लिहिलेलं आहे. आयएस १०५०० म्हणतं, नळाच्या टोकाला मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. आणि त्याखालीच टीप आहे : विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. ही टीप आपल्याकडे किती जणांनी वाचली असेल?

म्हणून पुढच्या वेळी जाताना आपण तीनच प्रश्न घेऊन जाऊ. शेवटच्या नळाला मोकळा क्लोरीन किती, रोजची नोंद दाखवा. त्या दोन दिवसांत गढूळपणा किती होता? आणि गटाराला लागून गेलेली आपली जुनी पाइपलाइन कधी तपासली? पुरवठा बंद असताना रिकाम्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. तिथे फिल्टर प्लांट कितीही चांगला असून उपयोग नाही.

तोवर पाणी गढूळ आलं की खळखळून उकळून प्या. हा विषाणू उकळीत टिकत नाही. कावीळ दिसली तर माळ घालण्यात दिवस घालवू नका, डॉक्टरांकडे जा. आणि घरात कोणी गरोदर असेल तर दुप्पट काळजी घ्या. आमच्या शेजारच्या घरातली सून सातव्या महिन्यात आहे. त्या दिवशी तो कागद बघताना माझ्या डोळ्यांसमोर तीच होती.

दिल्लीच्या लोकांना तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. मग आपली सबब काय?