शेला, पागोटे आणि छायाचित्र

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या संकेश्वर-निपाणीकडील कचेऱ्यांत आणि शाळांत आताशा एक करमणूक चाललेली दिसते. सहकाऱ्यांची छायाचित्रे मिळवावयाची, प्रत्येकाखाली एक मिस्कील ओळ जोडावयाची आणि मोबाईलवरून ती सर्वांस धाडावयाची. पुष्कळांस हा निव्वळ पोरखेळ वाटेल. परंतु त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती देवळाच्या सभामंडपापर्यंत पोहोचते.

नवरात्रादी उत्सवांची सांगता होताना लळीत होत असे. उत्सवदेवता सिंहासनावर बसून पाहत आहे, अशी भावना ठेवून तिच्यासमोर चोपदार, वासुदेव, गोंधळी, आंधळा, बहिरा अशी सोंगे येत, परस्परांची आणि प्रेक्षकांची थट्टा करीत, आणि शेवटी सर्वांसाठी देवापाशी प्रसाद मागत. या थट्टेचा विषय सोंग असे. गावातला खरा चोपदार समोर बसून हसत असेल तरी त्याचे नाव कोणी घेत नसे.

पुढे महाविद्यालये निघाली, स्नेहसंमेलने सुरू झाली, आणि थट्टेला नाव चिकटले. शेला व पागोटे ही वस्तुतः मानाची वस्त्रे; परंतु व्यासपीठावरून एखाद्यास उद्देशून केलेल्या कोटीलाही 'शेलापागोटे' म्हणू लागले. इंग्रजी वळणाच्या विद्यार्थ्यांनी त्यालाच 'फिशपाँड' म्हटले. पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकावयाच्या आणि त्या भर सभेत वाचावयाच्या. आमच्या मते मोठा पालट इथेच झाला. लळितात बोलणारा सर्वांसमोर उभा असे; येथे बोलणारा लपला आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तोच उघडा पडला. तरीही चिठ्ठी वाचली, टाळ्या पडल्या, की ती त्या सभागृहातच विरून जाई.

छायाचित्र मात्र विरत नाही. कायद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ ने बदनामीत शब्दांबरोबर खुणा आणि दृश्य चित्रणेही धरली, आणि उपरोधाने केलेला आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो असे स्पष्टीकरणात सांगितले. तेथील एक उदाहरण तर आमच्या विषयाला तंतोतंत लागू पडते : क्ष ने घड्याळ चोरले असे लोकांना वाटावे या हेतूने, तो ते घेऊन पळत असल्याचे चित्र काढणे ही बदनामी होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच विषय कलम ३५६ मध्ये आला आहे. वाचकांनी 'वाटावे या हेतूने' या शब्दांकडे लक्ष द्यावे. जे चित्र खरे मानले जावे असा हेतू नाही, ते या उदाहरणात बसत नाही.

अशाच एका प्रकरणी एक रोखपाल आमच्याकडे सल्ल्यास आले होते. गल्ल्यात डोके घातलेले त्यांचे छायाचित्र, आणि खाली 'दिवाळीची तयारी' एवढेच शब्द. कचेरीत सारे हसले, तेही हसले. पुढे कोणीतरी ते चित्र बाहेर पाठविले आणि ते त्यांच्या व्याह्यांपर्यंत गेले. व्याह्यांना ना ती कचेरी ठाऊक, ना तो विनोद. लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, हे त्या गृहस्थांनाही मान्य होते. "मग दावा कोणावर लावू, वकीलसाहेब?" त्यांनी विचारले. दावा झाला नाही. लिहिणारा सहकारी त्यांना घेऊन स्वतः व्याह्यांच्या घरी गेला आणि ती ओळ आपली आहे असे त्याने सांगितले. व्याही हसले, असे ते रोखपाल सांगतात. विहीणबाईंचे मात्र त्यांनी काही सांगितले नाही.