परळची लस आणि ‘ताप’

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांस ताप भरला. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले.

जंतू मेलेले असता ताप का यावा, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. जंतूंचे अंश ओळखणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ सारखी संदेशवाहक प्रथिने सोडतात. ती इतर संरक्षक पेशींस चेतवितात. तोच संदेश मेंदूस पोचून अंग तापते, अन्नावरील वासना उडते, माणूस एकांत शोधतो. ही मरगळ शक्ती राखण्याची शरीराची रीत होय, असे बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये प्रतिपादिले. हा संदेश आवरणारी नियामक प्रथिनेही पेशींत असतात. तो आवरला न जाता दाह लांबल्यास औदासीन्यही लांबू शकते.

मराठीत ज्वर आणि मनाचा त्रास या दोहोंस ‘ताप’ हा एकच शब्द आहे. म्हणून टोचणीनंतरच्या तापाचे लोकांस वाटलेले भय निव्वळ अज्ञान ठरविणे न्याय्य नव्हे. लक्षण खरे होते; त्याचा अर्थ तेवढा कोणासच ठाऊक नव्हता.