पीठ पितंय, आपण नाही

बेल्जियममध्ये ब्रेनडोंक नावाचं गाव आहे. तिथल्या मोर्टगाट कुटुंबाच्या कारखान्यातल्या जहाल बिअरला 1923 पासून ‘डुवेल’ म्हणतात. तिथल्या बोलीत याचा अर्थ सैतान. मद्यार्क 8.5 टक्के, आणि आज रंग सोनेरी. तिच्यासाठी त्या घरातला एकजण स्कॉटलंडला जाऊन यीस्ट, म्हणजे पेय आंबवणारं विरजण घेऊन आला होता. हे वाचून मला हसू आलं. आमच्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर असलं विरजण आणायला कुठे जावं लागत नाही. ते वाऱ्यावरच असतं.

माडाची न उमललेली पोय बांधतात, हलकेच ठेचतात, टोक कापतात आणि खाली मडकं अडकवतात. रात्रभर ठिबकलेला रस पहाटे उतरवला की ती नीरा. मडक्याला आतून चुना फासला तर ती गोड राहते. नाही तर ऊन चढता चढता फेस धरते आणि तिचीच माडी होते. लहानपणी शेजारचे काका मला वाटीभर नीरा देत. कोवळ्या खोबऱ्यासारखी गोडी, मागे किंचित खारटपणा. दुपारी त्याच मडक्याकडे गेलो, तर ते हात आडवा धरीत.

काका भंडारी. माडावर चढणं हे त्यांचं पिढीजात काम. 1878 मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. झाडावर कर, रस काढायला परवाना, विकायला परवाना, सगळं सरकारच्या हाती गेलं. शेजारच्या मालगुंडात जन्मलेले केशवसुत तेव्हा शाळकरी वयाचे होते. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला, 1950 मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. परवान्याशिवाय माडाला रसासाठी कोयता लावणं हाच गुन्हा ठरला. गांधीजी नीरेचे पुरस्कर्ते होते, पण नीरा आणि माडी यांच्यात अंतर ते किती? अर्ध्या दिवसाचं!

आमचं घर मुसलमानाचं. माडी ओठाला लावायची नाही, हा दंडकच. पण ईदला सांदणं हवीत, आणि वाटलेल्या तांदळात माडी पडल्याशिवाय ती फुगत नसत. दादी मागच्या दाराने वाटीभर मागवून घेई. एकदा नात्यातल्या एका बुजुर्गांनी विचारलं, ‘‘हे चालतं का?’’ दादी म्हणाली, ‘‘पीठ पितंय, आपण नाही.’’ सगळे हसले. वडील हसले नाहीत. त्या ईदपासून त्यांनी सांदणाला हात लावला नाही, आणि आपल्या आईला त्यावरून एका शब्दाने बोललेही नाहीत. दादीही त्यांच्या ताटात शिरखुर्मा जरा जास्तच वाढायची. दोघांचंही ईमान मला तेव्हा खरं वाटलं, आजही वाटतं.

आता काका नाहीत. त्यांच्या मुलाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत, माडावर कुणी चढत नाही. आमच्याकडे सांदणं दुकानातल्या यीस्टच्या पुडीवर फुगतात. चांगली फुगतात. वडील असते तर त्यांनीही खाल्ली असती. पण झाकण काढल्यावर घरभर पसरणारा तो आंबूस, ओल्या खोबऱ्याचा वास येत नाही. दर ईदला मी मात्र तो हुंगून पाहतो.