तांब्याच्या रेषांचा नकाशा

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उलटा करून तुम्ही कधी पाहिला असेल, तर आत तारांचे केवढे जंजाळ असते हे वेगळे सांगायला नको. एकेक तार कापायची, सोलायची आणि कथलाचा डाग देऊन जोडायची. एक तार चुकली की रेडिओ मुका! आजचे यंत्र उघडावे, तर तारांच्या जागी एक हिरवी पाटी आणि तिच्यावर तांब्याच्या रेषा. हाच सर्किट बोर्ड. आज कोणीही हौशी माणूस आपल्याला हवा तसा बोर्ड घरबसल्या आखू शकतो. ही विद्या त्याच्या टेबलापर्यंत आली कशी, याची हकीकत मोठी रंजक आहे. आणि थोडी चटका लावणारीही.

पॉल आइस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर, जन्म १९०७ चा. मायदेशी ज्यूंना काम मिळणे कठीण झाले, तेव्हा १९३६ साली तो लंडनला आला. छापखान्याचे तंत्र त्याच्या परिचयाचे होते. त्याच्या मनात आले, अक्षरे छापता येतात, तर तारा का छापू नयेत? हॅम्पस्टेडमधल्या आपल्या बिऱ्हाडात त्याने छापील बोर्डाचा रेडिओ तयार केला आणि एका कंपनीला दाखवला. कंपनीने नकार दिला. कारण काय, तर तारा जोडायचे काम मुली करतात, आणि ते स्वस्त पडते!

पुढे महायुद्ध आले. परकीय म्हणून आइस्लरला काही काळ स्थानबद्ध केले गेले. सुटल्यावर हेंडरसन अँड स्पाल्डिंग या छपाईच्या कंपनीने त्याला हाताशी धरले खरे. पण करारावर सही करताना आपल्या शोधाचे हक्कच आपण देऊन बसलो, हे काही त्याच्या ध्यानात आले नाही. १९४३ साली पेटंटसाठी अर्ज झाला, १९५० मध्ये पेटंटे मिळाली. दरम्यान अमेरिकन सैन्याने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किटे वापरली, आणि १९४८ साली हे तंत्र तिथल्या उद्योगांना खुले झाले.

याची कृती तरी काय? तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला तक्ता घ्यायचा, हव्या त्या रेषा टिकाऊ शाईने झाकायच्या आणि तक्ता फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा. उघडे तांबे विरघळते, झाकलेले उरते. छापखान्यात चित्रांचे जस्ताचे ब्लॉक करीत, त्याच जातीची ही रीत. अवजड यंत्रे नकोत, प्लास्टिकचे एक पसरट तबक पुरते. म्हणून तर हौशी लोकांनी ती उचलली.

आता कॅलिफोर्नियात चला. मार्च १९७५ मध्ये मेन्लो पार्क गावी एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. तिथे येणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने स्वतः एक संगणक रचला आणि त्याचा नकाशा मंडळींना फुकट वाटला. पण तारा जोडत बसायला सवड कोणाला? त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स म्हणाला, आपण बोर्डच छापून विकू. भांडवलासाठी एकाने कॅल्क्युलेटर विकला, दुसऱ्याने मोटार. १९७६ चा ‘अ‍ॅपल-१’ तो हाच.

पुढे १९९२ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास या शिक्षकाने ‘किकॅड’ ही संगणकप्रणाली लिहायला घेतली. ती आज सर्वांना मोफत आहे. पडद्यावर भाग मांडावेत, रेषा ओढाव्यात. दोन रेषा फार जवळ आल्या तर संगणकच हटकतो. मग तो नकाशा कारखान्याला धाडला, की चार-पाच बोर्डसुद्धा करून मिळतात.

त्याच १९९२ साली आइस्लर वारला. त्याचा नकाशा कराराच्या कागदात अडकला. वॉझ्नियॅकने आपला वाटून टाकला. तुम्ही बोर्ड आखाल, तेव्हा तो विकावा की वाटावा हे तुम्हीच ठरवा. मात्र सही करण्यापूर्वी कागद नीट वाचा, एवढे या इतिहासातून घ्यायला हरकत नाही.